धरणाच्या पोटात गाळ किती?

बीड जिल्ह्यातलं कडा हे आष्टी तालुक्यातलं गाव. हा सगळा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचाच. त्यामुळे पावसाळ्यात जो तो विचारतो, "धरण किती टक्के भरलं?" पण तळाशी गाळ किती, हे कोण विचारतं? अर्धा हंडा मातीनंच भरलेला असेल, तर तो काठोकाठ भरूनही पाणी अर्धा हंडाच मिळणार ना!

हा गाळ मोजायला होडीखाली सोनार यंत्र बसवतात. ते पाण्यात ध्वनिलहर सोडतं. आपल्या कानांना ती ऐकू येत नाही, बरं का! तळावर आपटून ती परत येते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी ०.०२ सेकंदानं आला, तर जाऊन-येऊन अंतर ३० मीटर. मग खोली? बरोब्बर, १५ मीटर!

यंत्र वेळ, ठिकाण आणि खोली असे हजारो आकडे नोंदवतं. खरी कसोटी ते वाचण्यात आहे. १५, १५, ६, १५ असे आकडे आले, तर तो ६ म्हणजे टेकडी नव्हे. मध्येच मासा आला असेल! उंच स्वराची लहर मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परतते. खालच्या स्वराची लहर गाळात शिरून कठीण जमिनीपर्यंत जाते. दोन्हींतला फरक म्हणजे मऊ गाळाची जाडी.

आणखी एक गोष्ट. पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण भरलं, की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६३.९ मीटर असते. तिथं खोली १५ मीटर भरली, तर तळ ४४८.९ मीटरवर. उन्हाळ्यात पाणी ५ मीटर उतरलं, तर त्याच जागी खोली १० भरेल. तळ मात्र तिथंच! म्हणून पातळी माहीत नसेल, तर नुसती खोली फसवते.

नाशिकची 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, धरणांतल्या गाळाचं सर्वेक्षण करते. हा हिशेब चुकला, तर नसलेल्या पाण्याच्या भरवशावर शेतकरी पेरणी करून बसेल. बरोबर आला, तर गाळ कुठून उपसायचा ते कळेल. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत असा गाळ शेतात टाकतात.

आता तुमची पाळी! पाण्याची पातळी ४६० मीटर, प्रतिध्वनी ०.०१६ सेकंदानं आला. जुन्या नकाशात तळ ४४६ मीटरवर होता. गाळ किती साचला?

(उत्तर : २ मीटर)