लेझर कटिंग-एनग्रेव्हिंग: पॉवर-स्पीड विचारण्याआधी मटेरियल ओळखा

लेझर मशीनचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, पॉवर किती ठेवू अन् स्पीड किती ठेवू?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की मशीनमध्ये तुम्ही ठेवलंय काय? याचं उत्तर चुकलं तर जगातली कुठलीही सेटिंग तुम्हाला वाचवू शकत नाही. उलट, जे मशीन तुम्ही मुद्राचं नाहीतर सीएमईजीपीचं कर्ज काढून घेतलंय, ते हप्ते फिटायच्या आधी गंजून बसेल.

म्हणून आज क्रमाने जाऊ. आधी मशीन, मग मटेरियल, मग सेटिंग.

तुमचं मशीन कोणतं?

बाजारात तीन प्रकार दिसतात. सीओटू, फायबर आणि डायोड. फरक वॅटचा कमी आणि प्रकाशाचा जास्त आहे.

सीओटू लेझरचा प्रकाश 10.6 मायक्रॉनचा असतो, डोळ्यांना न दिसणारा. लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक, कापड, कागद, चामडं हा प्रकाश शोषून घेतात, म्हणून कापले जातात. हा लेझर 1963-64 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार केला डॉ. कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं. म्हणजे आपण रोज चालवतो त्या मशीनचं मूळ आपल्याच मातीतल्या माणसाच्या डोक्यातून आलंय.

फायबर लेझर 1.06 मायक्रॉनचा. धातूसाठी उत्तम. आपल्याकडे लग्नाच्या आहेरातल्या भांड्यांवर नाव टाकायची पद्धत आहे. त्या स्टील, पितळेच्या भांड्यांसाठी फायबर लागतो. साधा सीओटू कोऱ्या स्टीलवर काहीच उमटवत नाही, वर मार्किंगचा स्प्रे मारावा लागतो. हां, रंगाचा थर असलेली पाण्याची बाटली असेल तर सीओटू तो थर काढून खालचं स्टील दाखवतो. ते काम छान होतं.

डायोडचा निळा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो. त्यामुळे "डायोड मशीनवर क्लिअर ॲक्रिलिक का कापत नाही?" याचं उत्तर सेटिंगमध्ये शोधू नका.

सुरक्षेची गोष्ट पण इथेच आली. सीओटूचं किरण ॲक्रिलिकच्या झाकणात अडतं. फायबरचं आणि डायोडचं किरण साध्या पारदर्शक झाकणातून पार जातं. त्या मशीनला त्याच प्रकाशासाठीचा गॉगल पाहिजे, उन्हाचा गॉगल चालत नाही.

सनबोर्ड: धंद्यातला सगळ्यात मोठा खड्डा

वाशिम असो, कारंजा असो की रिसोड, बरेच जण लेझरकडे फ्लेक्सच्या दुकानातून येतात. त्यांच्या डोक्यात हिशोब असा: आपल्याकडे सनबोर्डची अक्षरं रोज लागतात, लेझर घेतला की घरीच कापू.

थांबा. बाजारात सनबोर्ड म्हणून मिळणारी फोमची शीट बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. ते तुमच्या फुप्फुसात जातं, आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, आरसे, लेन्सवर बसतं. पावसाळ्यात तर हे काम आणखी जोरात चालतं. तोंडाला रुमाल बांधून किंवा पंखा लावून यातून सुटका नाही.

सनबोर्डला राउटर किंवा कटर पाहिजे. तुमच्या दुकानात 100 पैकी 70 ऑर्डर सनबोर्डच्या असतील तर आधी सीएनसी राउटरचा भाव काढा, लेझर नंतर घ्या. मशीन विकणारा हे स्वतःहून सांगेलच असं नाही, म्हणून मी सांगतोय.

मशीनमध्ये काय जाऊ द्यायचं नाही

- पीव्हीसी, विनाइल स्टिकर, पीव्हीसी रेक्झिन: कारण वर सांगितलं.
- एबीएस: कापण्याऐवजी वितळतं, आणि धुरात हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू असू शकतो.
- पॉलिकार्बोनेट: दिसायला ॲक्रिलिकसारखं. कडा पिवळ्या-काळ्या पडतात, कट नीट येत नाही.
- थर्माकोल: वितळतं आणि पटकन पेट घेतं.
- क्रोम टॅनिंगचं चामडं: धुरात घातक क्रोमियम येऊ शकतं. चामड्याच्या पाकिटावर नाव टाकायचं असेल तर व्हेजिटेबल टॅन मागा.

ओळखायचं कसं?

पहिलं, होलसेलरकडून बिलावर मटेरियलचं नाव लिहून घ्या. "प्लास्टिक शीट" असं मोघम बिल घेऊ नका.

दुसरं, तांब्याच्या तारेची परीक्षा. उघड्यावर, वाऱ्याला पाठ करून करा. तार पक्कडीत धरा, ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीचा रंग साधा झाला की तार त्या प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तो तुकडा मशीनमध्ये जाणार नाही. तुकडा नखाएवढा पुरे, आणि धूर हुंगायचा नाही.

तिसरं, ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट असा गोंधळ असेल तर पातळ पट्टी वाकवून बघा. ॲक्रिलिक कट्‌कन मोडतं, पॉलिकार्बोनेट वाकत राहतं. डोळे सांभाळा, तुकडा उडतो.

ग्राहक स्वतःचं मटेरियल घेऊन आला, "दादा, हेच कापून द्या" म्हणाला, आणि ते काय आहे हे कळलंच नाही, तर नम्रपणे नाही म्हणा. 200 रुपयांच्या कामासाठी लाखांचं मशीन पणाला लावायचं नाही.

ॲक्रिलिक आणि लाकडात काय घ्यायचं?

ॲक्रिलिक दोन जातीचं असतं, कास्ट आणि एक्स्ट्रुडेड. कास्टवर एनग्रेव्हिंग दुधासारखं पांढरं उठतं. शाळेच्या गॅदरिंगच्या ट्रॉफ्या, दाराच्या पाट्या, एलईडीचे दिवे यांना कास्टच घ्या. एक्स्ट्रुडेड स्वस्त असतं, जाडी सगळीकडे सारखी असते, कापायला सोपं. पण त्यावरचं एनग्रेव्हिंग उठून दिसत नाही. नुसते आकार कापायचे असतील तर ते चालेल.

प्लायवूडमध्ये गोंद बघा. आयएस 710 चा मरीन प्लाय पाण्याला टिकतो तो त्यातल्या फिनॉलिक गोंदामुळे, आणि तोच गोंद लेझरला जड जातो. आत गाठ किंवा पोकळी आली की तेवढाच भाग कापायचा राहतो. एमडीएफ सगळीकडे एकसारखा असतो, म्हणून शिकणाऱ्याने एमडीएफपासून सुरू करावं. पण त्याच्या गोंदामुळे धुरात फॉर्मल्डिहाइड असतं. एक्झॉस्टचा पाइप गल्लीत नाही, छताच्या वर काढा.

आता सेटिंग

चुलीचा विचार करा. भाकरी करपते ती एक तर आच जास्त म्हणून, नाहीतर तव्यावर जास्त वेळ राहिली म्हणून. लेझरमध्ये आच म्हणजे पॉवर, आणि वेळ ठरवतो स्पीड. 30 वॅट पॉवर 10 मिमी प्रति सेकंद वेगाने फिरली तर प्रत्येक मिलिमीटरला 3 ज्यूल ऊर्जा मिळते. स्पीड दुप्पट केला की ऊर्जा निम्मी.

60 वॅटच्या सीओटू मशीनवर टेस्ट सुरू करायला हे आकडे घ्या:

- 3 मिमी एमडीएफ कटिंग: पॉवर 50 ते 65 टक्के, स्पीड 10 ते 20 मिमी प्रति सेकंद
- 3 मिमी ॲक्रिलिक कटिंग: पॉवर 50 ते 65 टक्के, स्पीड 10 ते 18
- ॲक्रिलिक एनग्रेव्हिंग: पॉवर 12 ते 20 टक्के, स्पीड 250 ते 350, दोन रेषांत अंतर 0.1 मिमी, म्हणजे साधारण 254 डीपीआय

हे आकडे टेस्ट कुठून सुरू करायची ते सांगतात, बस. तुमची ट्यूब किती जुनी, लेन्स किती स्वच्छ, फोकस किती बरोबर, यावर उत्तर बदलतं. म्हणून 100 बाय 100 मिमीचा तुकडा घ्या, त्यावर 25 चौकोन काढा. आडव्या ओळीत स्पीड बदला, उभ्या ओळीत पॉवर. ज्या चौकोनात काम पूर्ण झालं आणि स्पीड सगळ्यात जास्त आहे, ती तुमची सेटिंग. ट्यूबचं आयुष्य पाहिजे असेल तर रोजच्या कामाला 80 टक्क्यांच्या वर जाऊ नका.

एअर असिस्टचं पण लक्षात ठेवा. कापताना हवा चांगली द्या, काळेपणा आणि आग दोन्ही कमी होतात. ॲक्रिलिकच्या कडा चकचकीत हव्या असतील तर हवा कमी करा, पण मग नजर हटवू नका. तसंही लेझर चालू असताना चहाला जायचं नाही, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी पाहिजे.

हिशोब करा

23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली. गणपतीचं मखर एमडीएफमध्ये करून देणं हा आपल्यासाठी हंगामी धंदा आहे. समजा, एका मखराचा कटिंगचा रस्ता 36 मीटर आहे. 10 मिमीच्या स्पीडने 60 मिनिटं लागतात, 15 ने 40 मिनिटं. 30 मखरांवर 10 तास वाचले! अर्ध्या तासाच्या टेस्टची ही कमाई.

खाचेचं पण बघा. 3 मिमी म्हणून आलेली शीट वर्नियरने मोजली तर 2.8 निघू शकते. लेझर स्वतः साधारण 0.2 मिमी जाळतो. डिझाइनमध्ये 3 ची खाच काढली तर ती 3.2 ची होईल आणि मखर डुगडुगेल. काढायची 2.6 ची.

आपल्या हवामानाचं गणित

मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. नुसत्या पंखा-रेडिएटरचा कूलर पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. ट्यूबला पाणी साधारण 15 ते 25 अंशांत हवं, त्यामुळे कॉम्प्रेसरवाला चिलर घ्या. पाणी डिस्टिल्ड, बोअरचं नको. पावसाळ्यात उलट काळजी: पाणी फार थंड ठेवलं तर ट्यूबवर दव धरतं. एमडीएफ जमिनीवर उभा टेकवून ठेवला तर ओल खाऊन वाकतो. वाकलेल्या शीटवर फोकस चुकतो, आणि आपण बसतो सेटिंगला दोष देत.

शेवटचं काम, आजच करा. शंभर पानी वही घ्या. तारीख, दुकानदार, मटेरियल, मोजलेली जाडी, पॉवर, स्पीड, हवा, निकाल असे रकाने आखा. प्रत्येक नवीन शीटचा एक टेस्ट तुकडा, वहीत एक ओळ. सहा महिन्यांनी तुम्हाला कोणालाच पॉवर-स्पीड विचारावं लागणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण श्वास सांभाळून!