स्वस्त ई-रीडर घ्यायचा, पण वाचणार काय?

मंडळी, जळगावच्या उन्हात मोबाइल धड दिसत नाही. ई-रीडरचा पडदा मात्र कागदासारखा बाहेरच्या उजेडावर वाचता येतो. वीज मुख्यतः पान उलटताना लागते, म्हणून चार्जिंग कितीतरी दिवस पुरतं.

मग स्वस्तातला कोणता? किमतीआधी विचारा, मी वाचणार काय?

अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांची पुस्तकं आता मोफत वाटता येतात. पण फाइल कोणती ते बघा. ईपब असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, ओळी आपोआप जुळतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. सहा इंचांत तो आक्रसतो, जोडाक्षरं ओळखू येत नाहीत. धुळ्याचं संशोधन मंडळ ज्यांच्या नावाचं, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे जुने ग्रंथ बरेचदा असेच मिळतात.

तेव्हा कथा-कादंबऱ्यांना सहा इंची, इंचाला ३०० ठिपक्यांचा साधा ई-रीडर पुरे. जुन्या स्कॅनसाठी मोठा पडदा लागतो, तो महाग. त्यापेक्षा घरातला टॅबलेट बरा. ओळखीच्या कुणाच्या ई-रीडरवर आपली मराठी फाइल उघडून बघा, मगच पैसे मोजा.