परसातले हरितगृह : कार्तिक चौमासी ते फाल्गुन चौमासी

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीत कार्तिक सरता सरता धानाची कापणी आटोपत येते, बांध्यांतील ओल आटते आणि पहाटेच्या हवेला धार चढते. विदर्भातील थंडीच्या बातम्यांत गोंदियाचे नाव वारंवार अग्रभागी असते. पौषात पारा १० अंशांखाली उतरणे येथे नवलाचे नाही. याच दिवसांत जैन स्वयंपाकघरातही एक बदल घडतो. श्वेतांबर परंपरेतील अनेक कुटुंबांत फाल्गुन चौमासीपासून वर्ज्य असलेली पालेभाजी कार्तिक पौर्णिमेनंतर पुन्हा ताटात येते. आठ महिन्यांच्या त्यागानंतरचे हे चार महिने.

मात्र बाजारातील मेथीची जुडी निवडताना गृहिणीची कसोटी लागते. पानामागे मावा, गुंडाळलेल्या पानात अळी. आणि एकही जीव दिसला नाही, तर कोणत्या फवारणीने तो नाहीसा झाला ही शंका. या पेचातून बऱ्याच अंशी सोडवणारे साधन म्हणजे परसातील लहानसे, कृत्रिम ऊब न देता चालणारे हरितगृह.

त्याचे तत्त्व साधे आहे. प्लॅस्टिकमधून आत आलेले ऊन माती तापवते. आतली उबदार हवा बाहेरच्या गार हवेत मिसळू शकत नाही. लडाखमध्ये, जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत घसरतो, तेथे दक्षिणेला प्लॅस्टिक आणि इतर बाजूंना मातीच्या जाड भिंती उभारून इंधनाविना पालक पिकवला जातो. अमेरिकेतील मेन राज्यातील शेतकरी इलियट कोलमन यांनी अशाच गृहांत हिवाळी भाजी घेताना दाखवून दिले, की दिवस १० तासांहून लहान झाला म्हणजे वाढ जवळजवळ थांबते. मुर्रीचा सर्वांत लहान दिवसही सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. येथे प्रकाशाची उणीव नाही. प्रश्न आहे तो फक्त गार रात्रीचा आणि किडीचा.

दहा फूट लांब व सहा फूट रुंद जागा एका कुटुंबाला पुरते. लांब बाजू दक्षिणेला असावी. पौषात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो, म्हणून त्या बाजूला झाडाची वा भिंतीची सावली नको. बांबूच्या कमानींवर २०० मायक्रॉनचे, उन्हात न विरणारे प्लॅस्टिक ताणावे. दोन्ही बाजूंना ४० मेशची कीटकरोधक जाळी लावून तिच्यावर प्लॅस्टिकचा गुंडाळता येणारा पडदा सोडावा. आत काळ्या रंगाचे, पाण्याने भरलेले २०० लिटरचे पिंप ठेवावे. रात्री हे पाणी ५ अंशांनी निवले तरी सुमारे १००० किलोकॅलरी उष्णता आत सुटते. पिंपावर झाकण मात्र घट्ट हवे, म्हणजे डास होत नाहीत आणि कोणताही जीव बुडत नाही. कडाक्याच्या रात्री छपरावर जुने बारदान पसरावे. व्यापारी घरात त्याची वाण नसते.

पडदा वेळेवर उघडणे आणि वेळेवर मिटणे, हे यातील खरे कौशल्य. दिवसा बाहेर २८ अंश असताना बंद गृहात पारा सहज चाळिशी गाठतो आणि कोवळी रोपे कोमेजतात. सकाळी नवाच्या सुमारास पडदे गुंडाळावेत, दुपारी साडेचारला, ऊब आत असतानाच, सोडावेत. पाणी सकाळीच द्यावे. संध्याकाळी ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात.

मेथीसाठी ‘पुसा अर्ली बंचिंग’, पालकासाठी ‘ऑल ग्रीन’ हे परिचित वाण आहेत. धणे रगडून दोन भाग करून पेरले की सांबार चांगला उगवतो. मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक महिनाभरात, तर सांबार ४० ते ४५ दिवसांत काढणीस येतो. सगळे एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एकेक ओळ पेरावी. कंदमुळांचा प्रश्नच येथे उद्भवत नाही.

जाळीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ती किडीला अडवते, तशी मावा खाणाऱ्या ढालकिड्यालाही अडवते. एखादा मावा आत शिरलाच, तर तो निर्धोकपणे वाढतो. पिवळे चिकट सापळे यासाठी सुचवले जातात, पण जीव चिकटवून मारणारे साधन जैन घराला रुचणारे नाही. त्याऐवजी पेरणी विरळ ठेवावी, युरिया टाळावा, कारण लुसलुशीत पानांवर मावा लवकर बसतो. आणि रोज सकाळी पाने उलटून पाहावीत. मावा दिसताच ते पान अलगद खुडून कुंपणाबाहेरच्या झुडपात ठेवावे. गृहस्थाच्या आरंभात हिंसा पूर्णपणे टळत नाही. माती उकरताना, पाणी घालतानाही ती घडते. यतनेने ती कमी करणे तेवढे हाती असते, आणि रोजची ही दहा मिनिटांची पाहणी म्हणजे तीच यतना.

माघ उलटला की ऊन चढते आणि प्लॅस्टिकखाली पीक तग धरत नाही. फाल्गुन चौमासीला पालेभाजीचा त्याग सुरू होतो, तोच हरितगृह मिटण्याचाही काळ. मेथीला महिना लागतो, म्हणून तिची शेवटची ओळ माघी पौर्णिमेपूर्वीच पेरावी. त्यानंतर प्लॅस्टिक उतरवून, धुऊन, वाळवून सावलीत घडी करून ठेवावे. पुढच्या कार्तिकात तेच पुन्हा कामी येते.