सपाट रस्ता आणि रक्तातील साखर

"डॉक्टर, सायकल चालवायला सांगता खरे, पण या वयात दम लागला तर?" मधुमेहाच्या रुग्णाला सायकलीचा सल्ला दिला की बहुतेकांचा हा पहिला प्रश्न असतो. दम न लागताही काही बिघडू शकते का, असे मात्र कोणी विचारीत नाही. मीसुद्धा विचारले नव्हते. स्वतः डॉक्टर, त्यातून नऊ वर्षांचा मधुमेही, तरीही नाही. ते मला शिकवले परदेशातल्या एका नदीकाठच्या रस्त्याने.

2023 च्या मे महिन्यात मी व सौ. फ्रान्समध्ये होतो. आमची धाकटी मुलगी तेव्हा तूर या शहरात शिकत होती. (गावाचे नाव तूर असले तरी डाळीशी त्याचा संबंध नाही. डाळ आम्ही इथूनच नेली होती.) हे शहर लुआर नदीवर वसले आहे. लुआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी अधिक. नेव्हेर शहराच्या परिसरातून निघून थेट अटलांटिक महासागरापर्यंत, सुमारे 900 किलोमीटर, तिच्या सोबतीने सायकलींचा मार्ग आखलेला आहे. कुठे फक्त सायकलींसाठी वाट, कुठे खेड्यातला अरुंद डांबरी रस्ता, तर कुठे पूर थोपवण्यासाठी घातलेल्या मातीच्या बांधावरचा रस्ता. जागोजागी खुणेच्या पाट्या असल्याने चुकण्याची भीती कमी. मुलगी म्हणाली, "बाबा, रुग्णांना सांगता ना? मग आता स्वतः करून बघा." ब्लुआ ते सोम्यूर असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा तुकडा आम्ही ठरवला. चार दिवस सायकल आणि मध्ये एक दिवस मुलीच्या घरी विश्रांती.

सायकली भाड्याने घेतल्या. सौ.चे गुडघे झिजलेले, म्हणून तिला बॅटरीची. ही सायकल आपोआप पळत नाही. आपण पायडल मारले तरच मोटर हातभार लावते. दुकानदाराने आधी आमच्या सीटची उंची नीट केली. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले की पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेतात, मग गुडघा फार वाकतो आणि त्याच्या वाटीमागे दुखू लागते. सायकलीने गुडघे गेले म्हणणाऱ्यांनी आधी सीट तपासावी. सौ.चे गुडघे चार दिवसांत एकदाही कुरकुरले नाहीत, कारण अंगाचा भार सीटवर असतो.

पहिले दोन दिवस मजेत गेले. शोमोंचा किल्ला नदीवरून पाहिला. आंब्वाझला लिओनार्दो दा व्हिन्चीचे शेवटचे घर आहे, 1519 मध्ये तो तेथेच वारला. राजवाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मी आणखी लिहीत नाही. मला जास्त आवडली ती खेडी. पांढऱ्या मऊ दगडाची घरे, दारापुढे गुलाब, आणि कित्येक भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा कोरलेल्या, शेजारी साल: 1846, 1856, 1866. ती रेघ माझ्या डोक्याच्या वर पाहिली की बांध इतके उंच का, ते कळे. नदी मात्र मे महिन्यात शांत होती. वाळूची बेटे उघडी पडलेली आणि त्यांवर सुरय पक्ष्यांची लगबग.

तेथे वाहने उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने उजवीकडे वळते, गाडी येते डावीकडून. पहिल्या दिवशी एकदा थोडक्यात बचावलो. मोटारवाले मात्र सांभाळून जातात. गावाबाहेर सायकलीपासून दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर सोडावे, असा कायदाच आहे.

तूरमध्ये एक दिवस थांबून सोमवारी सकाळी पुढे निघालो. आधी शेर नदीच्या काठाने व्हिलांद्रीपर्यंत गेलो. तिथून थोडे पुढे ती लुआरला मिळते आणि रस्ता बांधावर चढतो. एका बाजूला नदी, दुसरीकडे शेते. चढ नाही, उतार नाही. मी खुशीत होतो. दम नाही, छातीत धडधड नाही, बोलता बोलता सायकल चालवत होतो. साडेबाराच्या सुमारास मात्र काहीतरी बिनसले. सौ.ने साधेच विचारले, "थांबायचे का?" तर मी तिच्यावर खेकसलो. पुढच्या गावात पाव घेऊ म्हटले, तर पावाचे दुकान बंद. तिकडच्या खेड्यांत सोमवारी पुष्कळ दुकाने बंद असतात. मी त्या बंद दाराकडे पाहून आपल्या दुकानदारांना द्याव्यात तशा शिव्या देऊ लागलो. कपाळावर घाम होता, हात थरथरत होते, आणि दोष मी त्या दुकानाला देत होतो.

सौ. सायकल टेकवून जवळ आली. "अहो, तुम्ही असे चिडत नाही. आधी हे तोंडात टाका." तिच्या पर्समध्ये तूरच्या कॉफीच्या दुकानातील साखरेच्या पुड्या होत्या. आदल्या दिवशी त्या उचलताना पाहून मी तिला म्हणालो होतो, "शोभते का हे?" चार पुड्या खाल्ल्या. मग यंत्रावर साखर पाहिली तर 58! खाण्यापूर्वी किती असेल, तो विचार मी सोडून दिला. पंधरा मिनिटांनी 84 झाली. मग तिच्या पिशवीतली केळी खाल्ली आणि तासभर चर्चच्या पायरीवर बसून राहिलो.

असे का झाले? मी दोन गोळ्या घेतो. मेटफॉर्मिन ही फ्रान्सशी नाते असलेली गोळी. ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी 1957 मध्ये ती मधुमेहासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. एकटी मेटफॉर्मिन सहसा साखर फार खाली नेत नाही. दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवला आहात की उपाशी, हे ती पाहत नाही. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका. त्यात काम करणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःहून ओढून घेतात. सकाळी मी पावाचा एक तुकडा खाल्ला होता आणि गोळी पूर्ण घेतली होती.

पण खरी फसवणूक सपाट रस्त्याची. घाटात चढ संपला की उतार लागतो, पायांना उसंत मिळते. नदीकाठी उतार नसतो, म्हणून पायडल थांबत नाही. शिवाय तेथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि आम्ही चाललो होतो पश्चिमेलाच. दम लागला असता तर मी थांबलो असतो. श्रम सौम्य होते म्हणूनच तीन तास न थांबता झाले, आणि साखर हळूहळू उतरत गेली.

दुसरे असे की, हा परिणाम सायकल ठेवली की संपत नाही. पुढचे चोवीस तास, कधी त्याहून जास्त, साखर खाली जाऊ शकते, झोपेतसुद्धा. त्या रात्री मुलीने गजर लावून मला दोन वाजता फोन केला आणि साखर तपासायला लावली. 112 होती.

आपल्यापैकी जे या प्रकारची गोळी किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी लांबचे चालणे, सायकल, शेतातले दिवसभराचे काम किंवा पायी वारी सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. वर्तमानपत्र वाचून गोळी कमी करू नये, बंद तर मुळीच करू नये. खिशात तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड असावी. चिक्की, पेढा, चॉकलेट नको, त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखर 70 च्या खाली गेली की ही पूड खाऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग पोटाला आधार द्यावा. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड व थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. आणि घरच्यांनी त्याचा स्वभाव बदलला का ते पाहावे. विनाकारण चिडचिड, हट्ट, अडखळते बोलणे. रुग्णाला स्वतःला ते कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटच्या दिवशी, तूरला माझ्या डॉक्टरांना फोन करून गोळीची मात्रा निम्मी केली होती, न्याहरी भरपेट केली आणि दर पाऊण तासाला थांबलो. कांद नावाच्या गावी व्हिएन नदी लुआरला मिळते. तेथे संगमावर बसून आम्ही पाव आणि चीज खाल्ले. वारा समोरूनच होता. सोम्यूरला पोचायला चार वाजले.

आता इथे मी आठवड्यातून पाच दिवस सकाळी पाटाच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास सायकल चालवतो. हाही रस्ता सपाटच आहे. निघताना सौ. माझा खिसा चाचपून पुड्या मोजते.