जज्जाला उभं राहायचं तर

बावड्याची एक बाई पोटगीच्या कामासाठी माझ्याकडे येते. तारखांवर तारखा पडून ती मेटाकुटीला आली आहे. परवा जाता जाता म्हणाली, "वकीलबाई, तुमीच जज्जाला उभ्या ऱ्हावा की. वाड्यातली समदी मतं तुमालाच!" मी हसले. पण तिने विचारले ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जो आपल्या संसाराचा निवाडा करतो, त्याला कोण नेमतो?

अमेरिकेत अनेक राज्यांत न्यायाधीश खरोखरच उभे राहतात. न्यूयॉर्क राज्यात न्यूयॉर्क शहराबाहेर कुटुंब न्यायालयाचा न्यायाधीश मतदानाने दहा वर्षांसाठी निवडला जातो. नवरा-बायकोचे खटले चालवणारा वकील तिथे मते मागत दारोदार फिरतो. आपल्याकडे कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 प्रमाणे राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या संमतीने नेमणूक करते. सात वर्षे वकिली केलेली व्यक्ती त्यासाठी पात्र ठरते. स्त्रियांना अग्रक्रम द्यावा, असेही कायदा सांगतो. म्हणजे त्या बाईची इच्छा कायद्याने अशक्य नाही. फक्त तिच्या मताला तिथे जागा नाही.

मग मत असावे काय? बावड्याच्या माणसाने या प्रश्नाला भाबडे उत्तर देऊ नये. 1972 साली याच गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. त्यात एका राज्यमंत्र्याच्या घराण्याचे नाव तेव्हा उघडपणे घेतले गेले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्यामागच्या संतापात बावडा होते. तो बहिष्कार मते नसलेल्या गावाने टाकला नव्हता. मते होती, निवडणुका होत होत्या. सोसायटीचे कर्ज, उसाचे पाणी, रोजगार ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती मतांची मोट. असल्या गावात जज्ज निवडून आला तर तो कुणाचा असेल, हे सांगायला वकील लागत नाही.

पण नेमणुकीलाही सोवळे समजू नका. 24 मे 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की सरन्यायाधीशही अखेर माणूसच, सामान्य माणसाचे दोष आणि पूर्वग्रह त्याच्यातही असतात. याच कुटुंब न्यायालयाच्या कायद्यात न्यायाधीश निवडताना 'विवाहसंस्थेचे रक्षण व जतन' करण्याची निष्ठा पाहावी असे कलम 4 मध्ये लिहिले आहे. कोणती विवाहसंस्था? जातीतल्या जातीत लग्न हाच जातिव्यवस्थेचा प्राण, हे बाबासाहेबांनी 1916 सालीच दाखवून दिले. जात मोडून लग्न केलेली मुलगी सासरी रोज जातीवरून टोमणे ऐकत असेल आणि कोर्टात समेटाचा उपदेश मिळत असेल, तर जतन नेमके कशाचे होते? समेट वाईट नाही. मी स्वतः कित्येक संसार समेटाने वाचलेले पाहिले आहेत. पण मारहाणीच्या घरात परत पाठवणे याला समेट म्हणणारे लोक दोन्ही बाजूंच्या बाकांवर भेटतात.

आणखी एक अडचण साधी, पायाखालची. पुण्याचे कुटुंब न्यायालय 1989 पासून आहे, पण ते पुण्यासाठी. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात असे न्यायालय स्थापलेच पाहिजे. इतर भागांत मात्र सरकारला गरज वाटली तर. जिथे ते नाही तिथली पोटगी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पाहतो. चोरी, मारामारी, चेक न वटल्याची कामे, आणि त्यांच्यामध्ये ही बाई. समुपदेशकाची जी सोय कुटुंब न्यायालयाच्या कायद्याने केली आहे, ती तिच्या वाट्याला येतच नाही.

मी हे सगळे तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग पुढची तारीख कवाची?" मी डायरी उघडली.