बॅटरीचा उजेड आणि चित्रातला माणूस

1861 च्या सुमारास पॅरिसच्या नादार या छायाचित्रकाराने त्या शहराच्या पोटातील अस्थिभुयारांची छायाचित्रे घेण्याचे मनावर घेतले. तेथे सूर्याचा किरण पोहोचत नाही. म्हणून त्याने बुन्सेनच्या विद्युत्घटांची रांग मांडली आणि तिच्यावर कार्बनच्या कांड्यांचा प्रखर दिवा पेटविला. या घटांत तीव्र आम्ले असत व त्यांतून विषारी वाफा निघत. जागा अरुंद असली म्हणजे घट वर रस्त्यावर ठेवून तारा खाली सोडाव्या लागत. एवढे करूनही एका चित्रास 18 मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ निश्चल कोण राहणार? तेव्हा हाडे वाहणाऱ्या मजुरांच्या जागी नादारने कपडे चढविलेले पुतळे उभे केले. उजेड मिळाला, पण माणूस चित्राबाहेरच राहिला!

बॅटरीतील वीज रासायनिक क्रियेतून येते आणि ती क्रिया आपल्या गतीने चालते. क्षणात सर्वस्व देणे तिला जमत नाही. यावरची तोड म्हणजे कॅपॅसिटर. नळाच्या बारीक धारेने भरलेली बादली आपण एकदम उपडी करतो ना? तसेच हे. बॅटरी ही धार, कॅपॅसिटर ही बादली. ती बादली झेनॉन वायूच्या नळीत रिकामी झाली की सेकंदाच्या हजाराव्या भागात लखलखाट होतो. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी 1930 नंतरच्या दशकात हे तंत्र पुष्कळ पुढे नेले.

आता थोडा हिशेब करू. 1 वॉट-तास म्हणजे 3600 जूल. 200 जूलचा एक लखलखाट धरला, तर 50 वॉट-तासांच्या बॅटरीतून कागदावर 900 निघतात. वाटेत वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात बरेच कमी. तीच बॅटरी 100 वॉटच्या अखंड दिव्याला अवघा अर्धा तास पुरते. म्हणूनच चलच्चित्रवाल्याचे ओझे छायाचित्रकाराहून जड. लिथियम-आयन बॅटरीने ते पुष्कळ हलके केले. शिशाच्या बॅटरीच्या मानाने तितक्याच वजनात ती कित्येक पट वीज साठविते. तिच्या शोधाबद्दल 2019 साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एक इशारा मात्र आम्ही देऊन ठेवतो. बॅटरी काढून घेतली तरी फ्लॅशच्या कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. हौसेने तो उघडणे जिवावर बेतेल.

बाकी नादारची अडचण आता उरलेली नाही. आजचा छायाचित्रकार भुयारात उतरून कामकऱ्याला एवढेच सांगतो, "दादा, तुमचे काम चालू द्या."