चिंध्यांपासून स्वयंपाकघरास उपयुक्त जिन्नस

भाताची झोडणी आटोपून कणगे भरले कीं घरांतील मंडळींस थोडी उसंत मिळते. पालघर तालुक्यांत सूर्या नदीच्या कांठीं वसलेल्या मासवणासारख्या गांवीं याच दिवसांत जुन्या लुगड्यांचीं गांठोडीं सोडून गोधड्या शिवावयास घेतात. गोधडी भरून उरलेल्या चिंध्या मात्र बहुधा पोतेऱ्याच्या तरी कामीं येतात किंवा चुलींत तरी जातात. शेणाची पाटीही वायां जाऊं न देणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीं कापडाची अशी नासाडी व्हावी, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून या चिंध्यांतून रोजच्या उपयोगाचे चार जिन्नस कसे करावे, तें येथें सांगत आहों.

चिंधीची परीक्षा

सुई हातीं घेण्यापूर्वीं चिंधीची जात ओळखली पाहिजे. पूर्वीं घरांतील बहुतेक कापड सुती असे. आतां बाजारांतील कापडांत पॉलिएस्टर, नायलॉन वगैरे कृत्रिम धागे फार असतात. सूत तापल्यास करपतें; कृत्रिम धागा वितळतो. पॉलिएस्टर सुमारें २६० अंश सेंटिग्रेडवर वितळतें, आणि जाळावरचा कोरडा तवा तेथवर सहज पोहोंचतो. आमच्या घरीं एकदां अशाच मिश्र धाग्याच्या फडक्यानें तवा उतरविला असतां तें वितळून बोटांस चिकटलें. फोड बरे होण्यास पंधरा दिवस लागले, आणि ते दिवस ऐन लावणीचे होते.

परीक्षा सोपी आहे. घराबाहेर, शेजारीं पाण्याचें भांडें ठेवून, चिमट्यांत धरलेले दोन-चार धागे पेटवावे. सूत कागदासारखें जळतें, वासही कागदाचाच येतो व राख बोटानें चुरते. कृत्रिम धागा आंखडतो, वितळतो व निवल्यावर त्याचा टणक मणी होतो. मणी थोडासा जरी दिसला, तरी ती चिंधी विस्तवाजवळच्या कामास घेऊं नये.

मसोतें

गरम भांडें उतरविण्याच्या मसोत्यास आठ इंच चौरस असे निव्वळ सुती तुकडे घ्यावे. वर-खालीं जाड धोतराचे व मध्यें जुन्या पंचाचे, असे एकूण सहा थर पुरेत. गोधडीप्रमाणेंच धांवदोऱ्यानें उभे-आडवे टांके घालावे, म्हणजे थर सरकत नाहींत. टांगण्यासाठीं एका कोपऱ्यास नाडी लावावी. मसोतें ओलें असतां वापरूं नये. ओल्या कापडांतून उष्णता हातास लवकर लागते.

चुंबळ

लहान व वेड्यावांकड्या चिंध्या चुंबळीस उत्तम. त्यांचा मनगटाएवढा जाड पीळ करून कडें वळावें, त्यावर लांब पट्टी घट्ट गुंडाळून शेवट शिवून टाकावा. डोक्यावर हंडा घेण्यास ती लागतेच, आणि गोल बुडाचें मडकें जमिनीवर स्थिर बसविण्यासही उपयोगी पडते. मात्र चुलीवरून उतरविलेलें भांडें तिजवर ठेवावयाचें असेल, तर तीही सुतीच असावी.

भाकरीचें फडकें

मऊ, धुवट सुती कापडाचे हातभर लांब-रुंद दोन थर कडेनें शिवून घ्यावे. असें फडकें वाफ शोषून घेतें, त्यामुळें टोपलींतील तांदळाची भाकरी चिकट न होतां मऊ राहते.

पाण्याचें गाळणें

सर्वांत मोलाचा जिन्नस हाच. बांगलादेशांतील मतलब भागांत रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या गांवांत पटकीचे रोगी सुमारें ४८ टक्क्यांनीं कमी झाले. पटकीचा जंतु कापडाच्या छिद्रांतून निसटण्याइतका लहान असतो खरा. परंतु तो पाण्यांतील सूक्ष्म प्राण्यांस चिकटून राहतो, आणि ते प्राणी कापडांत अडकतात. कापड जुनेंच हवें. वारंवार धुण्यानें त्याचे धागे पिंजतात व छिद्रें बारीक होतात. चार पदरांच्या जुन्या साडींत तीं मिलिमीटराच्या सुमारें पन्नासाव्या भागाएवढीं भरतात.

तेव्हां फाटक्या लुगड्याचा धड भाग निवडून चार पदरी घडी करावी, कडा शिवाव्या व एका बाजूस खुणेचा टांका घालावा. ती बाजू नेहमीं वर ठेवावी, म्हणजे अडकलेला गाळ उलट पाण्यांत उतरणार नाहीं. प्रत्येक वेळीं गाळणें धुऊन कडक उन्हांत वाळवावें. गाळल्यानें पाणी निर्जंतुक होत नाहीं व त्यांत विरघळलेलें विषही जात नाहीं. म्हणून पावसाळ्यांत गाळलेलें पाणी उकळूनच प्यावें.

शेवटीं एक सूचना. खताचीं व कीटकनाशकांचीं रिकामीं पोतीं-पिशव्या कितीही धुतल्या, तरी त्यांचा कोणताही तुकडा स्वयंपाकघरांत आणूं नये. मणी होणाऱ्या चिंध्यांची बाजारची पिशवी शिवावी. सुती चिंध्यांचें व कृत्रिम चिंध्यांचें गांठोडें आजपासूनच वेगळें बांधावें. म्हणजे घाईच्या वेळीं हातीं भलतेंच फडकें येणार नाहीं.